बापूसाहेबांचा गुलाबी फेटा

मी दौंडची. वय बासष्ट. धंदा फेटे बांधण्याचा. बाईमाणूस फेटे बांधते हे ऐकल्यावर अजूनही काही लोक हसतात, आणि मग त्यांच्याच घरचं लग्न निघालं की माझा नंबर शोधतात. मला त्याचा राग येत नाही. हसलेलं डोकं बांधायला सोपं जातं, कपाळाच्या आठ्या आधीच सैल झालेल्या असतात.

हा धंदा मी वडिलांकडून घेतला. ते शिरूरला शिंपीकाम करायचे आणि कुस्त्यांच्या आखाड्यात, बैलगाड्यांच्या शर्यतीत, लग्नात फेटे बांधायचे. कापडाचं दुसरं टोक धरायला त्यांना कुणीतरी लागायचं, आणि भावांना कंटाळा होता. म्हणून मी. लग्न होऊन दौंडला रेल्वे कॉलनीत आले तेव्हा वाटलं, सुटले. पण पुढं वडील थकले, त्यांची गिऱ्हाइकं मला शोधत दौंडला यायला लागली, आणि बघता बघता बाजारपेठेत माझं दुकान झालं. आता दुसरं टोक आमचे हे धरतात. रेल्वेत पॉइंट्समन होते. रिटायर झाल्यावर म्हणाले, आयुष्यभर गाड्या वळवल्या, आता तुझं कापड वळवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फेट्याचं कापड साधारण नऊ मीटर लांब, मीटरभर रुंद. दोघांनी दोन टोकं धरून त्याला चुण्या घालायच्या, म्हणजे त्याची जाड पट्टी होते. ती डोक्याभोवती फिरवायची. एकेका फेऱ्याला पेच म्हणतात. पाठीवर सोडलेलं टोक म्हणजे शेमला आणि वर पंख्यासारखा उभा राहतो तो तुरा. पेच आवळला तर माणूस तासाभरात चिडचिडा होतो, सैल राहिला तर वाकून नमस्कार करताना फेटा समोरच्याच्या पायावर. कान पूर्ण झाकायचे नाहीत, ऐकू आलं नाही की माणसाला वाटतं आपल्याबद्दलच बोलतायत. हल्ली शिवलेले तयार फेटे मिळतात, टोपीसारखे घालायचे. मी ठेवते तेही, पोट आहे. पण त्याला मी फेटा बांधणं म्हणत नाही.

खरी मजा बांधण्यात आहे. तीन मिनिटं एक परका माणूस तुमच्यासमोर मान ताठ करून बसलेला असतो. हलता येत नाही, फोन बघता येत नाही. आणि मला गप्प राहता येत नाही. माझा स्वभावच चौकशीचा. गाव कुठलं, मुलं किती, कपाळावरची ही खोक कशाची, सगळं मी विचारते, आणि लोक सांगतात. त्या तीन मिनिटांत लोक बायकोला सांगत नाहीत ते सांगून जातात. आमचे हे म्हणतात, तुला डोकं बांधायला दिलं की तू आतलं सगळं काढून घेतेस.

एकदा शिरूरला एका लग्नात नवऱ्या मुलाला फेटा बांधताना मला हाताला ओलं लागलं. पोरगा रडत होता. बाहेर वरात खोळंबलेली, घोड्यावर बसवायला मित्र दारात उभे. मी कापड सोडवल्यासारखं केलं आणि त्याच्या तोंडासमोर पडद्यासारखं धरून पुन्हा पहिल्यापासून चुण्या घालायला सुरुवात केली. ह्यांना कळेना मी काय करतेय. मी विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "आई पाहिजे हुती." आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी पाच मिनिटं चुण्या घातल्या. बाहेरून कुणीतरी ओरडलं की बाई नवीन दिसतायत. मी ऐकून घेतलं.

दुसरं एक गिऱ्हाईक होतं, निवडणुकीला उभं राहिलेलं. त्याची अट होती की शंभरदा वाकलं तरी फेटा पडला नाही पाहिजे. मी बांधला तसा. रात्री त्याच्या बायकोचा फोन, की डोकं ठणकतंय आणि फेटा निघत नाही. तो निवडून आला, पण मला परत कधी बोलावलं नाही.

सांगायचं मात्र वेगळंच आहे. माझ्या हातून एकदा चूक झाली, तिची गोष्ट.

आमच्या इथं रेल्वे लाइनीच्या पलीकडं एक युवा केंद्र आहे. गायकवाड सर चालवतात. सर मालगाडीवर गार्ड होते. नोकरीत असतानाच त्यांनी एका जुन्या हॉलमध्ये चार टेबलं टाकून अभ्यासिका काढली. आता तिथं पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी धावून येतात, दिवसभर अभ्यास करतात, संध्याकाळी कबड्डी चालते. दौंडची, शिरूरची, आजूबाजूच्या गावांतली मुलं. हॉल सरांचा नव्हे. तो मांडवगण फराट्याच्या बापूसाहेबांचा. मोठे बागायतदार, त्यांच्या वडिलांनी तो हॉल केंद्राला वापरायला दिला होता. वडील वारले आणि हॉलची मुदतही संपत आली. बापूसाहेब पुढची पाच वर्षं देणार की तिथं दुकानाचे गाळे काढणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. केंद्र राहणार की जाणार, ते त्यांच्या एका शब्दावर होतं.

सरांचा एक पुतण्या पुण्यात कंपनीत आहे. त्यानं सुचवलं की पुरस्कार समारंभ आणि स्नेहभोजन ठेवा. पास काढा, लोक पास घेऊन जेवायला येतील, त्यातून संगणक घेता येतील, आणि बापूसाहेबांना प्रमुख पाहुणे करा म्हणजे तेही स्टेजवरून पाच वर्षांची घोषणा करतील. पुतण्यानं अशी जेवणं पाहिली होती. दौंडनं पाहिली नव्हती.

पास विकायला पोरं गावोगाव फिरली तेव्हा लोक गोंधळात पडले. वर्गणी मागा, देतो. धान्य मागा, देतो. पण जेवायला बोलवायचं आणि पैसे घ्यायचे? एका आजोबांनी पासाचे पैसे दिले आणि वर सांगितलं की मी जेवणार मात्र न्हाई, इकत घिऊन पंगतीला बसायची सवय न्हाई मला. समारंभाच्या दिवशी मंगल कार्यालयात गोल टेबलं, त्यावर पांढऱ्या चादरी, आणि प्रत्येक ग्लासात पंख्यासारखा दुमडलेला कडक इस्त्रीचा रुमाल. काहीजण आहेराची पाकिटं घेऊन आले. एक मावशी ब्लाउजपीस आणि नारळ घेऊन आल्या आणि ओटी कुणाची भरायची म्हणून शोधत राहिल्या. दारातून आत येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारत होता, "लग्न कुणाचं हाय?"

माझ्याकडं चाळीस फेटे होते. स्टेजवरच्या आणि पुरस्कारवाल्या लोकांना केशरी-हिरव्या लाटांच्या लहरिया कापडाचे, आणि बापूसाहेबांसाठी एक वेगळा. गुलाबी, जरीकाठी, उंच तुऱ्याचा. तो मी स्वतः पुण्याहून कापड आणून ठेवला होता. सरांनी मला बजावलं होतं, "ताई, बाकी कुणाचा कसाही होऊ द्या. बापूसाहेबांचा फेटा असा झाला पाहिजे की त्यांना आरशासमोरून हलावंसं वाटू नये."

मी बापूसाहेबांना कधी पाहिलं नव्हतं. पण मला कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मांडवगणचे बागायतदार, नाव बापूसाहेब, म्हणजे कसे असतील ते माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ होतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास बाकीच्या पाहुण्यांचे फेटे उरकून मी नवरदेवाच्या खोलीत बसले होते आणि आमचे हे चहा आणायला गेले होते. कार्यालयाच्या दारातल्या एका पोरानं एका गृहस्थांना आत आणून सोडलं आणि म्हणाला, "हितं बसा, सर येतीलच." गृहस्थ साठीच्या आतबाहेरचे. पांढरी विजार, पांढरा सदरा, पांढरी टोपी, सगळं इस्त्रीचं. उन्हानं रापलेला चेहरा आणि मिशा व्यवस्थित कातरलेल्या. उभे राहिले ते अंग चोरून न राहता सरळ. मी मनात म्हटलं, आले. मोठ्या माणसाला दिखाव्याची गरज नसते.

"या, बसा," म्हटलं, खुर्ची दिली. ते बसले. मी त्यांची टोपी काढून त्यांच्याच हातात दिली. ते काही बोलणार होते, पण मी आधीच चुण्या घालून ठेवलेल्या कापडाचं टोक त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं आणि पहिला पेच कपाळावरून घेतला. एकदा पेच कपाळावर आला की माणूस गप्प होतो, हा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. दुसरं टोक धरता धरता माझ्या कानाशी म्हणाले, "नाव विचारलंस का?" मी डोळे मोठे केले. आपल्याकडं मानाच्या माणसाला तोंडावर नाव विचारायचं म्हणजे तुम्हाला ओळखत नाही असं सांगायचं. बाकी सगळं मी विचारलं.

"निघालात कधी?"

"सकाळच्यालाच. शिरूरवरनं आलो."

मांडवगणहून दौंडला यायला शिरूर लागत नाही. पण मोठ्या माणसाचं तिथं काही काम असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

"एकटेच?"

"व्हय. पोरीला न्यायला आलोय. हितं मावशीकडं आस्ती."

"काय शिकते?"

"त्येच बघाया आलो." मग म्हणाले, "लगीन जमवलंय तिचं. माणसं चांगली हाईत. घरचं पानी हाय, मुलगा एकटाच."

"आणि मुलगी काय म्हणते?"

त्या प्रश्नाला त्यांचं डोकं हललं. इतका वेळ ते इतके स्थिर बसले होते की मला कौतुक वाटत होतं. एक पेच सरकला, मी तो पुन्हा घेतला. मग तुरा उभा केला, शेमला पाठीवर सोडला आणि आरसा समोर धरला.

मी हजारो माणसांना आरसा दाखवलाय. कुणी मिशीला हात लावतं, कुणी फोटो काढायला सांगतं. हे गृहस्थ आरशात नुसते बघत राहिले. मग त्यांनी हात वर नेला आणि तुऱ्याला न लावताच खाली घेतला. म्हणाले, "लई झालं हो बाई." मला वाटलं, केवढा हा नम्रपणा.

मी बाहेरच्या पोरांना हाक मारली की पाहुणे तयार आहेत. पोरांनीही बापूसाहेबांना पाहिलेलं नव्हतं, पण उंच तुऱ्याचा गुलाबी फेटा कुणाचा ते त्यांना माहीत होतं. ओळख फेट्याला असते, हे मी माझ्या धंद्यात शिकलेय. त्यांनी गृहस्थांना अदबीनं मांडवातून नेलं. वाटेत टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. स्टेजवर मधल्या, उंच पाठीच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, पुढं पाण्याची बाटली ठेवली. गायकवाड सर तेव्हा स्वयंपाकघरात होते. केटररनं गोल टेबलांसाठी वाढपीच आणले नव्हते, लोकांनी उठून ताटं घ्यायची की बसल्या जागी वाढायचं यावरून तिथं वाद चालला होता.

मी समाधानानं दुसऱ्या फेट्याकडं वळले. ज्या पाच मुलांना पुरस्कार होता त्यांना फेटे बांधायचे होते. पहिली आली अंकिता. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी, गेलं वर्षभर अभ्यासिकेचं कुलूप पहाटे पाचला तीच उघडत होती. कवठे येमाईची. तिच्या कपाळावर पहिला पेच घेतला आणि ती दारातून स्टेजकडं बघून म्हणाली, "मावशी, त्ये आमचे आण्णा हाईत."

"कुठले?"

"त्ये मधल्या खुर्चीवर. गुलाबी फेट्यातले."

माझे हात थांबले. आमचे हे काहीच बोलले नाहीत, आणि तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर केलेली ही सर्वांत मोठी दया. पोरगी पांढरी पडली होती. तिला माझ्या चुकीचं काही पडलं नव्हतं. ती म्हणाली, "त्ये मला न्यायला आलेत. आज बक्षीस हाय म्हणून मी सांगितलंच न्हवतं." आणि अर्धा फेटा डोक्याला घेऊन ती तशीच बसून राहिली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून सर धावत गेले आणि ज्यांना घेऊन आले ते बापूसाहेब पस्तिशीचे होते. जीन्स, काळे बूट, डोक्यावर गॉगल चढवलेला. आजोबांचं नाव त्यांना ठेवलं होतं आणि पाळण्यात असल्यापासून लोक त्यांना बापूसाहेब म्हणत होते. मी सरांना एका शब्दानं विचारलं असतं तर त्यांनी हे सांगितलं असतं.

सरांची नजर स्टेजवर गेली, मग माझ्याकडं आली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ते कोण आहेत ते नंतर सांगा. आधी तो फेटा उतरवा आणि इकडं आणा. पाच वर्षांचा प्रश्न आहे."

खरं सांगते, मी दोन पावलं स्टेजकडं टाकली. सरांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्या हॉलमध्ये दीडशे मुलं बसतात. एका माणसाच्या डोक्यावरून कापड काढायचं, एवढंच होतं. पण वडिलांनी मला एक गोष्ट शिकवली होती, बाकी सगळं नंतर शिकले. आपण बांधलेला फेटा चार माणसांत आपण उतरवायचा नाही. ज्याचं डोकं, त्यानं उतरवायचा. आणि त्याची मुलगी दारातून सगळं बघत होती.

"सर, माझ्यानं होणार नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी बापूसाहेबांना सांगते."

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी गेले आणि सरळ सांगितलं. "साहेब, तुमचा फेटा माझ्या हातून दुसऱ्याच्या डोक्याला बांधला गेला. एका मुलीचे वडील आहेत. तो मला काढता येणार नाही. तुम्हाला दुसरा बांधते."

त्यांच्याबरोबरचा एक कार्यकर्ता पुढं झाला. "आवो बाई, काढायला काय हुतंय? कोन हाय त्यो?"

बापूसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. मला विचारलं, "मग मला काय, पांढरी टोपी का?" हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते.

मी पिशवी उघडली. लहरियाचे सगळे फेटे बांधून झाले होते, मुलांसाठीचे पाच सोडून, आणि मुलांचा एखादा कमी करायची माझी तयारी नव्हती. तळाशी एक पिवळा तुकडा सापडला, सरावाचा, सहा मीटरचा. त्यात पेच होतात, पण तुऱ्याला कापड उरत नाही. तेव्हा मी इकडंतिकडं पाहिलं आणि जवळच्या टेबलावरच्या ग्लासातला तो कडक पांढरा रुमाल उचलला. दुमडलेला होताच. तोच खोचला. ह्यांनी टोक धरलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकही प्रश्न न विचारता फेटा बांधला. तो दिसला मात्र झकास. पुढं दोन लग्नसराया मला नवरदेव विचारत होते की तो पांढऱ्या तुऱ्याचा फेटा मिळेल का.

सरांनी स्टेजवर एक खुर्ची वाढवली. सूत्रसंचालकानं, म्हणजे पुण्याच्या पुतण्यानं, प्रसंग ओळखून अंकिताच्या वडिलांचा उल्लेख 'पालक प्रतिनिधी' असा केला. असं पद केंद्रात तोपर्यंत नव्हतं. अण्णा उठून उभे राहिले, हात जोडले आणि बसले. मधली खुर्ची त्यांनी आपणहून सोडली होती आणि कडेच्या खुर्चीवर गेले होते. फेटा तसाच.

अंकिताचं नाव पुकारलं तेव्हा पुरस्कार बापूसाहेबांच्या हातून होता. ती आली, घेतला, वाकली. परत जाताना वडिलांसमोरून जावं लागणार होतं. ती थांबली. मी खाली उभी राहून बघत होते. त्यांनी तिला काहीतरी विचारलं, तिनं हातातलं सन्मानचिन्ह त्यांच्यापुढं धरलं, आणि त्यांनी त्यावरची अक्षरं बोट फिरवत सगळी वाचली. सगळी. पुतण्याला पुढचं नाव घेता येईना.

बापूसाहेब भाषणात म्हणाले, हॉल एक वर्ष राहू द्या, पुढचं पुढं बघू. टाळ्या झाल्या. सरांनीही वाजवल्या. पाच वर्षांची घोषणा ठरवून आले होते आणि माझ्यामुळं चार कमी झाली, की मुळातच एक द्यायचं त्यांच्या मनात होतं, हे मला कधीच कळलं नाही. मी एवढी चौकशी करणारी, पण हा प्रश्न त्यांना विचारायचं माझं धाडस झालेलं नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या सुमारास सर त्यांच्याकडं जातात, एक वर्ष मागून आणतात, आणि दरवर्षी समारंभात बापूसाहेबांचा फेटा मी एक पैसा न घेता बांधते. आधी नाव विचारते. ते सांगतात, आणि हसतात. आता डोळेही हसतात असं मला वाटतं.

त्या दिवशी जेवणं चालू असतानाच अण्णा निघून गेले. शिरूरची गाडी चुकली असती. अंकिताला नेली की ठेवली, ते गर्दीत मला दिसलं नाही. गुलाबी फेटाही गेला. मी ते कापड त्याच दिवशी गेलं असं समजले होते. मुलीचा विचार मात्र सुटेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केंद्रावरून गेले, तर अभ्यासिका बंद होती, समारंभाच्या दुसऱ्या दिवशी असते तशी. तिच्या मावशीचं घर मला माहीत नव्हतं, आणि सरांना विचारायची मला लाज वाटत होती.

आठवड्यानं दुपारी दुकानात अण्णा आले. तीच पांढरी टोपी, हातात घरातला मोठा स्टीलचा डबा. डबा गल्ल्यावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. आत गुलाबी फेटा, बांधलेला जसाच्या तसा. तुरासुद्धा मोडला नव्हता. कवठ्याहून दोन गाड्या बदलून तो डबा त्यांनी मांडीवर आणला होता.

"परत करायचा आस्तो म्हनं," ते म्हणाले. "उलगडून घडी करायची हुती. मंडळी म्हनली, तुमी करा. मी म्हनलं, तू कर. तसाच ऱ्हायला."

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला. मग जे आठवडाभर मला खात होतं ते बोलून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला दुसरं कुणी समजले होते."

"ठाव हाय की."

"कधी कळलं?"

"पयल्या पेचालाच. मला कोन फेटा बांधतंय हो? माज्या लग्नात बी टोपीच हुती." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "आदी वाटलं, तुमच्या ध्येनात यील. मग वाटलं, येऊ नये."

मी विचारलं, "आणि अंकिता?"

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "न्यायलाच आलो हुतो. मावशीकडं घावली न्हाई म्हनून कार्यालयात आलो. कपडं भर म्हनून सांगनार हुतो. पन फेटा बांधून पोरीला वढत न्यायची म्हंजी बरं दिसतंय का? त्यो आदी उतरवाया लागला आस्ता. आन् सारा मांडव बघत हुता." कप खाली ठेवला. "एक वरीस दिलंय तिला. पाव्हण्यांना तसं कळवलं. मोडली तर मोडली सोयरीक."

मी डब्यातला फेटा दोन्ही हातांनी उचलला. उलगडायला काय लागतं, एक टोक सोडलं की झालं. भाड्याचा माल आहे, परत आला की धुऊन इस्त्री करून कपाटात जायला हवा. मी त्यांची टोपी काढून त्यांच्या हातात दिली आणि फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला. या वेळी त्यांनी तुऱ्याला हात लावून पाहिला. एक पेच जरा सैल झाला होता, तो आत खोचला.

"आवो, हे तुमचं कापड हाय," ते म्हणाले.

"डोकं तुमचं आहे," मी म्हटलं.

ते निघाले. भर दुपारी, ना सण ना समारंभ, उंच तुऱ्याचा गुलाबी फेटा घालून रिकामा डबा हातात घेतलेला माणूस बाजारपेठेतून एसटी स्टँडकडं चालला, तर लोक बघणारच. मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिले. समोरच्या रसवंतीवाल्यानं हात वर करून विचारलं, "काय पाव्हणं, लगीन कुनाचं?"

अण्णा थांबले. वळून त्याच्याकडं बघितलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "औंदा न्हाई कुनाचं."